गेरू की पिवळी माती?

भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या मातीच्या घरांत भिंतीला तांबडा रंग द्यावा की पिवळा, हा प्रश्न आवडीचा कमी आणि जागेचा अधिक होता, असे माझे म्हणणे आहे. हा धानाचा, तलावांचा, भरपूर पावसाचा मुलूख. कवेलूंची वळचण कितीही पुढे काढली तरी अंगणातले शिंतोडे भिंतीच्या पायथ्याला लागतातच. आत चुलीचा धूर, लहान खिडक्या, काळोख. अशा घरात खाली गेरूचा पट्टा आणि वर पिवळी किंवा पांढरी माती ही वाटणी शहाणपणाची होती. चिखलाचे डाग तांबड्यात लपत, थोडका उजेड वरच्या फिक्या भिंतीवरून खोलीत पसरे. पावसाने निघालेला थर दिवाळीआधी पोतेऱ्याने पुन्हा चढवायचा, त्यामुळे चुकलेली छटाही वर्षभराचीच सोबतीण असे.

यावर कोणी म्हणेल, हाताशी आली ती माती लावली, यात निवड कसली? पण हाताशी हळदही होती, आणि तिचा पिवळा रंग मातीहून कितीतरी झळझळीत. तरी ती भिंतीवर गेली नाही. चुना लागताच हळद लाल होते, उन्हात तर विटूनच जाते. गेरू आणि पिवळ्या मातीतले लोहाचे रंग मात्र चुन्याला आणि उन्हाला पुरून उरतात. शिवाय हे दोन्ही रंग एकाच घराण्यातले: पिवळ्या मातीतल्या लोहाच्या संयुगात पाणी बांधलेले असते, सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत भाजले की ते निघून जाते आणि माती गेरूसारखी तांबडी होते. मँगनीज मिसळले तर तीच माती काळपट तपकिरी दिसते. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून हेच खनिज निघते. म्हणजे छटा ठरे ती मातीतल्या खनिजाने आणि आचेने.

दुकानातल्या छटांच्या पुस्तिकेने स्वातंत्र्य वाढवले, हा दुसरा आक्षेप मला अर्धाच पटतो. रंग कालवणाऱ्या यंत्रातही पांढऱ्या रंगात पिवळ्या आणि तांबड्या लोहभस्माचेच थेंब पडतात; बदामी आणि फिक्या केशरी छटेतला फरक बहुतेकदा या थेंबांच्या प्रमाणाचा असतो. हरवली ती वाटणी. आज फरशीपासून छतापर्यंत एकच छटा देतात, आणि मग पहिल्याच पावसाळ्यात ओल, हाताचे डाग आणि सायकलच्या चाकाचे ओरखडे नेमके तिथे उमटतात, जिथे पूर्वी गेरू असे.