सेल्बोर्न गांवचा हिवाळा

इंग्लंडांत बर्फ पडेल कीं नाहीं, हें आदल्या दिवशीं सांगणेंहि कठीण. अटलांटिक महासागरावरून येणारे दमट वारे हिवाळ्यांतहि त्या बेटाला ऊब देतात. उत्तरेचे किंवा पूर्वेचे वारे वाहूं लागले तर पावसाचें हिम होतें; आणि एखाददुसऱ्या अंशाच्या फरकानें एका गांवीं पाऊस तर शेजारच्या गांवीं बर्फाचा थर, असा प्रकार घडतो. हिमाचें दर्शन केवळ चित्रांत घडलेल्या श्रोत्यांना नवल वाटेल, परंतु त्या देशांत या अनिश्चिततेमुळें हवामान टिपणाऱ्या हौशी मंडळींची एक जातच निर्माण झाली आहे. आभाळ भरून आलें कीं हीं माणसें खिडकीपाशीं येतात. आपल्या गांवीं बर्फ पडलें तर हर्षतात, आणि शेजारच्या गांवीं अधिक पडलें तर मनांतून खट्टू होतात. तेथील हवामानखातें नाताळाच्या बाबतींत उदार आहे. २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत बर्फाचा एक कण पडतांना दिसला, तरी त्याच्या लेखीं तो शुभ्र नाताळ!

या मंडळींच्या पूर्वजांत गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) याचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. हॅम्पशायर परगण्यांतील सेल्बोर्न या खेड्यांत हा धर्मोपदेशक राहत असे. १७५१ पासून बागेचीं आणि १७६८ पासून सृष्टींतील घडामोडींचीं टिपणें तो नियमानें लिही. त्याच्या बहिणीचा पति टॉमस बार्कर हाहि रटलंड परगण्यांत ६० वर्षांहून अधिक काळ हवामान टिपीत होता. व्यसनच तें; सोयरिकींतहि पसरणारें.

१७८४ च्या डिसेंबरच्या ७ तारखेस हिमवृष्टि सुरू झाली. ९ तारखेच्या सकाळीं वाटा बुजून गेल्या होत्या आणि सपाटीवर १२ ते १५ इंच बर्फ साचलें होतें. संध्याकाळीं हवा बोचूं लागली, तेव्हां व्हाइटनें घराबाहेर दोन उष्णतामापक टांगले. रात्रीं अकरा वाजतां पारा ४ अंश फॅरनहाइटवर आला. सकाळीं एका यंत्रांत तो शून्याखालीं अर्धा अंश होता. दुसऱ्यावरच्या खुणा शून्याच्या वर ४ अंशांपाशींच संपत असल्यामुळें त्याचा पारा पितळी आवरणांत गडप झाला. मौज पाहण्याची वेळ यावी आणि यंत्र आंधळें व्हावें, ही हौशी माणसाची व्यथा कोणत्याहि शतकांत तीच. त्या दिवशीं लख्ख उन्हांत बर्फाच्या बारीक सुया, अभ्रकाचा चुरा उधळावा तशा, हवेंत तरंगत होत्या.

आतां व्हाइटची उत्कंठा वाढली. जवळच, सुमारें २०० फूट उंचावर, न्यूटन व्हॅलेन्स हें गांव आहे. खालीं ही गत, तर वर काय कहर असेल! त्यानें तेथील स्नेह्यास चिठ्ठी पाठवून त्याचें यंत्र बाहेर टांगावयास सांगितलें. १० तारखेच्या रात्रीं अकरा वाजतां सेल्बोर्नास पारा शून्याखालीं १ अंश उतरला. न्यूटनचा आंकडा आला तो १७! उंचावर थंडी अधिक, हा समज साफ उलटा पडला. स्नेह्याचें यंत्रच सदोष असावें, असें व्हाइटला वाटलें. पण नुसत्या संशयावर न थांबतां त्यानें आपलें एक यंत्र वर पाठवून दोन्हीं शेजारीं शेजारीं लावविलीं. दोहोंचा पारा बरोबरीनें चालला. १८ अंशांचा फरक खरा होता. स्वतःचा अंदाज चुकविणारा हा आंकडा त्यानें जसाच्या तसा लिहून ठेविला, आणि १७८९ सालच्या आपल्या सेल्बोर्नविषयक ग्रंथांत तो छापलाहि.

उलगडा पुढें झाला. निवांत, निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशांत सोडते, हें विल्यम वेल्स यानें १८१४ सालीं दंवावरील निबंधांत मांडलें. ताजें बर्फ जमिनीची ऊब वर येऊं देत नाहीं, म्हणून त्याला लागलेली हवा फारच निवते. आणि थंड हवा जड असल्यामुळें पाण्यासारखी उतारावरून ओघळून खोलगट जागीं सांचते. सेल्बोर्न टेंकडीच्या पायथ्याशीं, तशाच खोलगट जागीं वसलेलें आहे.

कडाका ३१ तारखेपर्यंत टिकला. ३ जानेवारी १७८५ पर्यंत बर्फ वितळूं लागलें होतें, आणि थोडा पाऊसहि झाला. व्हाइटच्या बागेंतील सदाहरित झाडें आगीनें होरपळल्यासारखीं झालीं होतीं. लॉरेलचें उतरतें कुंपणहि गेलें. त्याला सर्वांत हळहळ वाटली ती याची. न्यूटनला त्याच जातींच्या झाडांचें एक पानहि गळलें नव्हतें.