एक्सल स्वॅप म्हणजे काय? जीप चेरोकीच्या उदाहरणातून समजून घ्या

ऑफ-रोडिंगचे रील्स बघत असाल तर ‘८.८ स्वॅप’ किंवा ‘डाना ६० स्वॅप’ हे शब्द कानावरून गेले असतील. अमेरिकेतली एखादी जुनी जीप, खाली भलेमोठे टायर आणि दगडांवरून आरामात चढणारी गाडी. तीस सेकंदांत सगळं सोपं वाटतं. पण एक्सल स्वॅप म्हणजे एक पार्ट काढून दुसरा लावणं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डिपेंडन्सी म्हणतो, तसला हा प्रकार आहे: एक गोष्ट बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या दहा गोष्टी जुळवाव्या लागतात.

या लेखात आपण एकच उदाहरण घेऊ. अमेरिकेत २००१ पर्यंत विकली गेलेली जीप चेरोकी एक्सजे आणि तिच्या मागे बसवला जाणारा फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल.

मूळ एक्सल का बदलायचा?

बऱ्याच चेरोकींना मागे डाना ३५ एक्सल येतो. त्याचा क्राऊन साधारण ७.६ इंच व्यासाचा असतो आणि एक्सल शाफ्टला २७ स्प्लाइन, म्हणजे टोकाला २७ खाचा असतात. सुमारे २८ इंचांच्या मूळ टायरवर हे पुरतं.

आता हिशेब बघा. पाच गिअरच्या मॅन्युअल चेरोकीत पहिला गिअर ३.८३, ट्रान्सफर केसचा लो रेंज २.७२ आणि एक्सलचा रेशो ३.०७. गुणाकार केला तर इंजिनचा टॉर्क जवळपास ३२ पट होऊन मागच्या शाफ्टांकडे जाऊ शकतो. त्यात ३३ इंची टायर लावला की पकड वाढते आणि चाकाचा तरफेसारखा जोरही वाढतो. दोन दगडांत चाक अडकलं आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला, तर सगळ्यात कमजोर कडी तुटते. ती कडी बहुतेक वेळा डाना ३५ चा शाफ्ट असते.

मग फोर्डचाच एक्सल का?

१९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररमधला ८.८ एक्सल चेरोकीला चांगला जुळतो, त्याची कारणं अशी:

• शाफ्टला ३१ स्प्लाइन, म्हणजे जाड शाफ्ट.
• मागे डिस्क ब्रेक.
• चाकाचे पाच बोल्ट ४.५ इंची वर्तुळावर. चेरोकीचंही माप हेच, त्यामुळे रिम बदलावी लागत नाही.
• रुंदी चेरोकीच्या एक्सलच्या जवळपास.
• भंगार यार्डात सहज मिळतो.

पण तुमच्या चेरोकीत आधीपासून क्रायस्लर ८.२५ एक्सल असेल, गाडी १९९७ नंतरची असेल (त्यात २९ स्प्लाइन येतात) आणि टायर ३१ इंचांपर्यंतच लावणार असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: स्वॅप करू नका. ते पैसे चांगल्या टायरवर घाला. उलट डाना ६० सारखा अवजड एक्सल त्याहून बऱ्याच मोठ्या टायरसाठी आहे. तो जड असतो आणि त्याचं मधलं घर खाली लोंबतं, म्हणजे दगडाला आधी तेच लागतं. मोठा एक्सल म्हणजे चांगला एक्सल, असं समीकरण नाही.

सगळ्यात आधी रेशो

चेरोकीची पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह लावली की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. दोन एक्सलचे रेशो वेगळे असले तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. मातीत चाक घसरून सुटका होते, पण पक्क्या पकडीवर ताण साचतो आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्टचा क्रॉस तुटतो.

म्हणून यार्डात एक्सल निवडताना रेशो आधी बघा. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, एवढंच गणित. ४१ आणि ११ असतील तर ३.७३, ३९ आणि ११ असतील तर ३.५५. ऑटोमॅटिक चेरोकीला अनेकदा पुढेही ३.५५ असतो, त्यामुळे ३.५५ चा एक्सप्लोरर एक्सल थेट जुळतो.

टायर मोठे करणार असाल तर नवा रेशो असा काढा: जुना रेशो × नवा टायर ÷ जुना टायर. ३.५५ × ३३ ÷ २८ = ४.१८. म्हणजे ४.१० जवळचा. एक्सप्लोररचे काही एक्सल ४.१० चे मिळतात, पण मग पुढच्या एक्सलचा क्राऊन-पिनियनही ४.१० चा करावा लागेल. तो खर्च आधीच धरा.

बसवताना काय काय जुळवायचं?

१. पाट्यांच्या बैठका: फोर्डच्या बैठका चेरोकीच्या पाट्यांना जुळत नाहीत. त्या कापून नव्या वेल्ड कराव्या लागतात. फोर्डच्या एक्सलची नळी ३.२५ इंच जाड आहे, म्हणून यू-बोल्टही नवे लागतात. शॉकअबच्या पकडीही नव्याने.

२. पिनियनचा कोन: इथे घाई नको. आधी बैठका नुसत्या ठेवा, गाडीचं पूर्ण वजन पाट्यांवर येऊ द्या, मग कोन मोजा. शाफ्टला दोन्ही टोकांना साधा क्रॉस असेल तर पिनियन ट्रान्सफर केसच्या आउटपुटला समांतर हवा. वरच्या टोकाला डबल जॉइंट असेल तर पिनियनचं तोंड जवळपास सरळ ट्रान्सफर केसकडे हवं. आधी टाके मारा, पुन्हा मोजा, मगच पूर्ण वेल्ड. कोन चुकला तर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात.

३. वेल्डिंगची उष्णता: एका दमात लांब वेल्ड मारला तर नळी वाकते. थोडं इथे, थोडं तिथे, मध्ये थंड होऊ देत काम करा.

४. प्रॉपेलर शाफ्ट: फोर्डच्या पिनियनला गोल फ्लँज असते, त्यामुळे जीपच्या शाफ्टसाठी ॲडॉप्टर लागतो. पिनियन मध्यापासून थोडा बाजूलाही आहे. शाफ्टची लांबी पुन्हा मोजा.

५. ब्रेक: मागे ड्रमच्या जागी डिस्क आल्यावर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बदलतो. होज, पाइप आणि हँडब्रेकची केबल जुळवा, हवा काढा, आणि रिकाम्या जागेत कमी वेगाने तपासा. मागची चाकं आधी लॉक होत असतील तर गाडी रस्त्यावर काढू नका.

६. स्पीडोमीटर: चेरोकीत वेग ट्रान्सफर केसवरच्या एका छोट्या गिअरवरून मोजला जातो. रेशो किंवा टायर बदलला की काटा खोटं सांगतो. योग्य दातांचा गिअर बसवा.

७. तेल: एक्सलमध्ये लिमिटेड-स्लिप असेल तर गिअर ऑइलसोबत फ्रिक्शन मॉडिफायर घाला. पहिल्या थोड्या प्रवासानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

आपल्याकडे हे करता येईल का?

थार किंवा जिप्सीवाल्या मित्रांसाठी हे महत्त्वाचं. अमेरिकेतल्या रील्सचे नियम आपल्याकडे लागू नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे. अपघात झाला तर विम्याचा क्लेमही अडकू शकतो. त्यामुळे आधी आरटीओत लेखी विचारा, गॅरेजवाल्याच्या ‘काही होत नाही’वर जाऊ नका.

थोडक्यात

क्रम लक्षात ठेवा: टायर किती इंची, त्यावरून रेशो, त्यावरून एक्सल, मग मापं, आणि सगळ्यात शेवटी वेल्डिंग. आधी एक्सल विकत घेऊन मग त्याला गाडी जुळवायला बसलात, तर खर्च दुप्पट होतो. आणि ब्रेक किंवा वेल्डबद्दल मनात जरा जरी शंका असेल, तर ते काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. वेल्ड सुटला तर सबंध एक्सल गाडीखालून निसटतो, आणि त्या वेळी गाडीत तुमच्या शेजारीही कुणीतरी बसलेलं असतं.