विजय हजारे : उरलेल्यांच्या संघातील फलंदाज

सांगलीच्या एका शाळाशिक्षकाच्या आठ अपत्यांपैकी विजय सॅम्युअल हजारे हे एक. जन्म ११ मार्च १९१५ चा. घर मराठी, धर्म ख्रिस्ती. त्या काळातील मुंबईच्या क्रिकेटमध्ये या दोन गोष्टींपैकी दुसरीलाच महत्त्व होते. कारण तेथील सर्वांत मोठी स्पर्धा धर्म आणि जमात पाहून संघ पाडत असे. युरोपियन आणि पारशी यांच्या लढतींतून सुरू झालेले हे सामने हिंदू संघ आल्यावर तिरंगी, मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी झाले. पाचव्या संघाचे नाव होते ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे जे चारांपैकी कोणत्याही संघात मावत नसत, त्यांचा हा संघ. सांगलीचा हा तरुण रणजी स्पर्धेत महाराष्ट्राचा आधारस्तंभ असे आणि पंचरंगी सामन्यांत ‘उरलेला’ ठरे.

महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व तेव्हा पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्याकडे होते. १९३९-४० च्या हंगामात पुणे येथे बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. नवव्या गड्यासाठी नगरवाला यांच्याबरोबर त्यांनी २४५ धावांची भर घातली आणि नगरवाला ९८ वर बाद झाले. समोरचे गडी पडत असताना एक टोक धरून ठेवायचे आणि शेपटाकडील फलंदाजाला सोबत घेऊन धावफलक हलता ठेवायचा, ही हजारे यांची पुढील पंधरा वर्षांची रीत त्या डावातच दिसून आली होती.

त्यांच्या उभे राहण्याची पद्धत पुस्तकी नव्हती. बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये दाबलेली, मुठीवरील दोन हातांत अंतर. ऑस्ट्रेलियाचे थोर फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट संस्थानी आश्रयामुळे प्रशिक्षक म्हणून भारतात आले असता हजारे यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. ग्रिमेट यांनी ही ठेवण बदलण्याचा आग्रह धरला नाही, असे सांगितले जाते. शिकवणाऱ्याने कोठे थांबावे हे कळणे तसे दुर्मिळच. स्वभावाने हजारे अबोल आणि संकोची. मैदानावर हातवारे नाहीत, पंचांच्या निर्णयावर नाराजी नाही.

१९४३ च्या डिसेंबरमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना हिंदू आणि रेस्ट यांच्यात झाला. तेथवर रेस्टला आणण्यात हजारे यांच्या मुस्लिम संघाविरुद्धच्या २४८ धावांचा मोठा वाटा होता. हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या आणि ५ बाद ५८१ वर डाव घोषित झाला. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला; त्यांतील ५९ हजारे यांच्या. फॉलोऑननंतर निम्मा संघ ६० धावांत तंबूत परतला, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू विवेक खेळायला आले. दोघा भावांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावा जोडल्या. विवेक यांचा वाटा २१ धावांचा. एवढा वेळ दुसऱ्याला खेळू देण्यासाठी उभे राहणे सोपे नसते, म्हणून त्या २१ धावांचाही आदराने उल्लेख व्हायला हवा. संघाच्या ३८७ धावांपैकी विजय हजारे यांच्या एकट्याच्या ३०९. सामना रेस्टने एक डाव आणि ६१ धावांनी गमावला.

हिंदूंचा विजय पाहण्यासाठी आलेले प्रेक्षक कोणाच्या बाजूचे होते हे उघड आहे. पण त्या सामन्याची आठवण निघाली की हरलेल्या संघाच्या ३०९ धावाच आधी निघतात. धर्मावर बेतलेले संघ असू नयेत, असे मत महात्मा गांधींनी १९४० मध्येच जाहीरपणे मांडले होते. तरीही गर्दी होत राहिली आणि ही स्पर्धा १९४६ पर्यंत चालली. तिच्या बाजूने बोलणारे म्हणत की मैदानावर कटुता नव्हती. ते खरेही असेल. परंतु मराठी घरात वाढलेल्या खेळाडूस ‘उरलेला’ ठरवणारी व्यवस्था कटुतेविनाही अन्यायकारकच होती.

दरम्यान हजारे बडोद्यास गेले होते. ज्या बडोद्याच्या गोलंदाजांना त्यांनी पुण्यात त्रिशतकाने दमवले, त्याच बडोद्याने त्यांना आपले केले. गायकवाडांच्या त्या राजधानीत मराठी माणसाला परकेपण वाटण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी घर सांभाळणाऱ्या अनेक कुटुंबांप्रमाणे हजारेही तेथे कायमचे स्थिरावले. बडोद्याने १९४२-४३ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला.

त्यानंतर आला १९४७ चा मार्च महिना. बडोदे येथे रणजीचा अंतिम सामना होळकर संघाशी होता. इंदूरच्या या संघाचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे हेही त्याच संघातले. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत संपला. बडोद्याची अवस्था ३ बाद ९१ असताना हजारे यांना लाहोरचे ठेंगणे, चपळ, डावखुरे गुल महंमद येऊन मिळाले. ही जोडी सुमारे नऊ तास फुटली नाही. गुल महंमद ३१९, हजारे २८८, भागीदारी ५७७ धावांची. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी तेवढी मोठी भागीदारी तोवर झाली नव्हती. ७८४ धावांचा डोंगर उभा राहिला आणि बडोद्याने एक डाव व ४०९ धावांनी करंडक पटकावला.

तो मार्च महिना पंजाबच्या इतिहासात दंगली आणि जाळपोळीचा म्हणून नोंदला गेला आहे. त्याच दिवसांत लाहोरचा एक मुसलमान आणि सांगलीचा एक ख्रिस्ती मराठी संस्थानाच्या संघासाठी खेळपट्टीवर धावा पळत होते. यातून फार मोठे अर्थ काढण्याची गरज नाही. दोघे आपले काम करत होते एवढेच. मात्र पंचरंगी स्पर्धेत हेच दोघे दोन वेगळ्या संघांत गेले असते, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर काही आठवड्यांतच लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ ऑस्ट्रेलियास गेला. गुल महंमदही त्या संघात होते. सिडनीत हजारे यांनी ब्रॅडमन यांचा १३ धावांवर त्रिफळा उडवला. त्यांची मध्यमगती गोलंदाजी दुय्यम मानली जाई, तरी प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी ५९५ बळी मिळवले, हे सहसा लक्षात राहत नाही. जानेवारी १९४८ च्या ॲडलेड कसोटीत ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. भारताच्या ३८१ धावांत हजारे यांच्या ११६ आणि दत्तू फडकर यांच्या १२३. फॉलोऑनमध्ये विनू मंकड आणि अमरनाथ भोपळाही न फोडता परतले, रे लिंडवॉल यांनी ७ बळी घेतले, आणि तरीही हजारे यांनी १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय. हा सामनाही भारताने डावाने गमावला.

पुढील वर्षी ब्रेबॉर्नवर वेस्ट इंडिजविरुद्ध शेवटच्या डावात ३६१ धावांचा पाठलाग करताना त्यांनी १२२ धावा काढल्या. भारत ८ बाद ३५५ वर असताना वेळ संपल्याचे पंचांनी जाहीर केले. पहिला कसोटी विजय सहा धावांनी लांबला.

तो विजय आला फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, एक डाव आणि आठ धावांनी. वीस वर्षे आणि चोवीस कसोट्या वाट पाहिल्यावर. कर्णधार हजारे होते. पण त्या विजयाचे श्रेय १२ बळी घेणारे मंकड आणि शतके करणारे पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांचे. जिंकलेल्या सामन्यात हजारे यांचे शतक नसावे, हा एक विचित्र योग.

कर्णधारपदाने त्यांच्या फलंदाजीचे नुकसान केले, असे विजय मर्चंट यांचे मत होते. ते पूर्णपणे पटत नाही, कारण कर्णधार म्हणून पहिल्याच दोन कसोट्यांत त्यांनी नाबाद १६४ आणि १५५ धावा केल्या होत्या. मात्र उरलेल्या बारा कसोट्यांत कर्णधार हजारे यांना एकही शतक साधले नाही, आणि मध्यंतरी अमरनाथ नेतृत्व करत असताना मुंबईत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी नाबाद १४६ धावा काढल्या. आकडे मर्चंट यांच्या बाजूने झुकतात. १९५२ च्या लीड्स कसोटीत तरुण विजय मांजरेकर यांच्यासह २२२ धावांची भागीदारी करूनही दुसऱ्या डावात फलकावर शून्य धावा आणि चार बळी असे दृश्य होते. नवख्या फ्रेड ट्रूमन यांनी ते घडवले. तेथून ५६ धावा करणारा कर्णधारच होता.

१९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्याबरोबर त्यांची कसोटी कारकीर्द संपली : ३० सामने, २१९२ धावा, सात शतके, सरासरी ४७.६५. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये साठ शतके. १९६० मध्ये जसू पटेल यांच्यासह त्यांना पद्मश्री मिळाली. क्रिकेटपटूंना हा सन्मान प्रथमच लाभत होता. आज शाळकरी मुलांना ‘विजय हजारे’ हे एकदिवसीय करंडकाचे नाव म्हणून ठाऊक असते, आणि या स्पर्धेतील धडाक्याची त्यांच्या संथ, चिवट खेळाशी सांगड घालताना जाणत्यांना हसू येते.

गुल महंमद यांनी पुढे पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले आणि १९५६ मध्ये कराचीला त्या देशाकडून एक कसोटी खेळली. १९९२ मध्ये लाहोरला त्यांचे निधन झाले. हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात वारले. दोघांच्याही हयातीत ५७७ चा विक्रम अबाधित राहिला. तो मोडला जुलै २००६ मध्ये कोलंबोला, संगकारा आणि जयवर्धने यांच्या ६२४ धावांनी.