थांबलेला काटा : शस्त्रक्रियेनंतरच्या वजन-पठाराचा इतिहास

बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या आयुष्यात एक सकाळ अशी येते, की वजनकाटा गेल्या आठवड्यातलाच आकडा दाखवतो. पुढच्या आठवड्यातही तोच. आहार तोच, चालणे तेच, तरी काटा हलत नाही. घरचे दबक्या आवाजात विचारतात, "चोरून काही खाणे होत नाही ना?" हळूहळू रुग्णही स्वतःला तोच प्रश्न विचारू लागतो. वैद्यकात या अवस्थेला 'प्लॅटो' म्हणतात, म्हणजे पठार. या पठाराचा अर्थ गेल्या ऐंशी वर्षांत कसा बदलत गेला, त्याविषयीचा हा धागा.

प्रारंभ होतो अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात, फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखालील खोल्यांत. काळ नोव्हेंबर १९४४. महायुद्धाने युरोपात उपासमार माजवली होती आणि उपाशी माणसांना पुन्हा कसे पोसावे, याचे शास्त्र जवळपास अस्तित्वातच नव्हते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवक निवडले. सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले हे तरुण होते. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी इतकाच आहार मिळाला, पूर्वीच्या जेमतेम निम्मा. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे.

वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. मात्र आलेख सरळ खाली गेला नाही. आरंभीची तीव्र उतरण मंदावत गेली आणि अखेरीस रेषा जवळजवळ आडवी झाली. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जाळत असलेली ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. नाडी मंदावली होती, भर उन्हाळ्यात थंडी वाजत होती. चोरून खाण्याचा संशय इथेही होताच. नियम मोडल्यामुळे वा अन्य कारणांनी चौघांच्या नोंदी अखेरच्या हिशेबातून वगळाव्या लागल्या. पण उरलेल्या ३२ जणांच्या नोंदींतही ती आडवी रेषा आहेच. आवक घटलेल्या घराने खर्चाला कात्री लावावी, तसे शरीराने केले होते. कीज यांचा द्विखंडी ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

याच विद्यापीठातील शल्यविशारद आर्नल्ड क्रेमेन, जॉन लिनर आणि चार्ल्स नेल्सन यांनी १९५४ मध्ये श्वानांच्या लहान आतड्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा इथूनच मोजला जातो. कल्पना सरळ होती : आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळायचा, म्हणजे अन्न शोषलेच जाणार नाही.

लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड पेन आणि लॉरेन डिविंड यांनी १९५६ पासून हा मार्ग रुग्णांवर अवलंबला. त्यांच्या योजनेत एक निरागस गृहीतक दडलेले होते. वजन हवे तितके उतरले की आतडी पूर्ववत जोडायची. तोवर माणूस 'बरा' झालेला असेल! प्रत्यक्षात ज्यांची आतडी पुन्हा जोडली गेली, त्यांचे वजन पुन्हा वाढले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अनुभव त्या काळी अपयश म्हणूनच वाचला गेला असणार. आज वाचताना मात्र तो या संपूर्ण इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

पुढे १९६९ मध्ये त्यांनी लहान आतड्याचे सुरुवातीचे १४ इंच अखेरच्या ४ इंचांना जोडण्याची रीत मांडली. तिथेही काही काळाने पठार आलेच, कारण उरलेले तोकडे आतडे जाड होऊन अधिक शोषण करू लागले. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या गंभीर उपद्रवांमुळे ही शस्त्रक्रिया पुढे मागे पडली.

दरम्यान आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन सहसा वाढत नाही, हे त्यांनी हेरले होते. त्यातून १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास आली आणि १९८० मध्ये जठराला पट्टी बसवून लहान कप्पा करण्याची रीत. जठर लहान, म्हणून घास लहान, म्हणून वजन कमी, असे साधे यांत्रिक स्पष्टीकरण पुढे बराच काळ चालले. या स्पष्टीकरणाचा एक दुष्परिणाम होता. यंत्र ठीक असूनही काटा थांबला, तर दोष उरतो तो खाणाऱ्याचा.

हे ओझे हलके व्हायला जैवरसायनशास्त्र यावे लागले. १९९४ मध्ये लेप्टिन आणि १९९९ मध्ये भूक चेतवणारे घ्रेलिन ही संप्रेरके सापडली. २००२ मधील सिएटलच्या एका अभ्यासात दिसले, की केवळ आहार घटवून वजन उतरवलेल्यांच्या रक्तात घ्रेलिन वाढते. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांत मात्र ते फार कमी होते. पेन यांच्या रुग्णांचे कोडे इथे काहीसे उलगडते. काही शस्त्रक्रिया भुकेच्या संदेशांतच फेरफार करतात आणि शरीर खालच्या पातळीवर स्थिरावते. फेरफार काढून घेतला, की जुनी पातळी परतते.

म्हणून आजचे उपचारक पठारावर आलेल्या रुग्णाला आणखी उपाशी राहा असे सांगत नाहीत. तसे केल्यास स्नायू झिजतात आणि ऊर्जेचा खर्च अधिकच आटतो. पहिल्या काही आठवड्यांतले थांबणे बहुधा तात्पुरते असते, कारण आरंभीच्या घसरणीत शरीरातील पाण्याचा वाटा मोठा असतो. पुरेशी प्रथिने, स्नायूंना ताण देणारा व्यायाम, झोप, नकळत वाढलेल्या गोड पेयांची व चटरमटर खाण्याची प्रामाणिक नोंद आणि ठरल्या वेळी तपासणी, असा साधा उपाय सुचवला जातो. रोज वजन करून हताश होण्यापेक्षा कंबरेचे माप, रक्तदाब आणि साखरही पाहिली जाते.

आणि एक ते दीड वर्षानंतर येणारे मोठे पठार? त्याचे उत्तर स्वीडनने दिले. लार्श शेस्ट्रम यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि न झालेले २,०३७ जण होते. बहुतेकांवर मेसन यांचीच १९८० ची रीत वापरली होती. वजन एक-दोन वर्षांत तळाला गेले, मग थोडे चढले आणि आडवे झाले. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांत सुरुवातीची ३२ टक्के घट दहा वर्षांनी २५ टक्के उरली होती. मेसन यांच्या पद्धतीत २५ ची १६. शस्त्रक्रिया न झालेल्यांची रेषाही आडवीच होती, पण वरच्या पातळीवर. त्यांचे वजन मूळ वजनापासून दोन टक्क्यांहून अधिक सरकले नाही. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तोवर सरासरी सुमारे ११ वर्षांचा काळ लोटला होता. त्या काळात वरच्या आडव्या रेषेवरचे १२९ जण मृत्यू पावले होते आणि खालच्या रेषेवरचे १०१.