यवतमाळची फौजदारी कचेरी आणि वकील

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, पण मुलखावरची नाममात्र मालकी स्वतःकडे ठेवली. या विचित्र व्यवस्थेची छाया इथल्या कचेऱ्यांवर बराच काळ राहिली. वऱ्हाड कागदोपत्री परमुलूख, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा इथे आपोआप चालत नसे. गव्हर्नर जनरलच्या हुकमाने तो वेगळा लागू करावा लागे. दंडविधान आणि फौजदारी प्रक्रियेचा कायदा याच वाटेने आले. पंडित वकिलालाही एखादे कलम पुढे करण्याआधी तो कायदा वऱ्हाडात चालतो का, हे पाहून घ्यावे लागे. हा घोळ पुरता मिटवणारा बेरार लॉज ॲक्ट १९४१ चा आहे, म्हणजे इंग्रजी राज्य संपायला सहा वर्षे उरली असतानाचा.

आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८६४ मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा झाला. नाव वणीचे असले तरी मुख्यालय यवतमाळात होते. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी आणि पुसद असे पाच तालुके झाले. आज तेवढ्याच मुलखात सोळा तालुके आहेत.

त्या काळी फौजदारी कचेरी म्हणजे महसूल कचेरीच. डेप्युटी कमिशनर हाच जिल्हा दंडाधिकारी, आणि तालुक्याचा तहसीलदारही दंडाधिकाऱ्याचे अधिकार वापरी. सारा वसूल करणारा, पोलिसांवर देखरेख ठेवणारा आणि आरोपीला शिक्षा देणारा असा एकच साहेब. तो दौऱ्यावर निघाला की खटलाही त्याच्या मुक्कामामागे जाई आणि पक्षकार, साक्षीदारांना तिकडे धावावे लागे. गावात गुन्ह्याची पहिली खबर पाटलाकडे जाई आणि कोतवाल ती ठाण्यावर पोचवी. त्यामुळे आरोपीच्या घरच्यांची पहिली धाव पाटलाच्या वाड्याकडे असे. वकिलाचा विचार त्यानंतर सुचायचा.

वकील मिळवणेही सोपे नव्हते. इंग्रजी अमलात वकिलीच्या पायऱ्या होत्या: वर बॅरिस्टर आणि ॲडव्होकेट, त्याखाली प्लीडर, आणि तळाशी परीक्षा देऊन परवाना काढलेले मुखत्यार. वऱ्हाडातला नावाजलेला बार अमरावतीचा. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी ही मंडळी तिथली. खापर्डे १८८५ ते १८९० सरकारी नोकरीत मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर होते, मग वकिलीत उतरले. ऐपतदार घर खुनाच्या खटल्यासाठी अमरावतीचा वकील आणी. बाकीच्यांना कचेरीच्या आवारात भेटेल त्याच्यावर भागवावे लागे.

या आवारात वकिलापेक्षा इतरांचीच गर्दी असे. अर्ज लिहून देणारा, मुद्रांक विकणारा, वकिलाचा मुन्शी, आणि बसगाडीतून, पूर्वी बैलगाडीतून, उतरणाऱ्याला हेरून ‘साहेबांकडे’ नेणारा दलाल. या दलालांचा त्रास देशभर इतका होता की १८९६ मध्ये लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टमध्ये दुरुस्ती करून अशा लोकांच्या याद्या न्यायालयात लावण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला गेला. यादीने दलाल हटले, असे मात्र कोणी म्हणणार नाही. वाचता न येणाऱ्या पक्षकाराला ती यादी काय सांगणार?

१ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे गेला, तोवरचे वऱ्हाडचे स्वतंत्र ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय बंद झाले आणि अपिलांची वाट नागपूरकडे वळली. ९ जानेवारी १९३६ रोजी नागपूर उच्च न्यायालय सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि ते न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ झाले. यवतमाळकराच्या दृष्टीने यात एकच गोष्ट टिकली: जामीन खालच्या न्यायालयात फेटाळला गेला की नागपूर गाठायचे.

जिल्ह्याच्या स्वतःच्या वकिलांत सर्वात ठळक नाव वणीत जन्मलेल्या माधव श्रीहरी अणे यांचे. १९०८ च्या सुमारास त्यांनी यवतमाळात वकिली सुरू केली, पुढे राजकारणात उतरले आणि ‘लोकमत’ हे साप्ताहिक चालवले. त्याच नावाचे दैनिक जवाहरलाल दर्डा यांनी १९७१ मध्ये नागपुरातून काढले. याच शहरात यशवंत खुशाल देशपांडे हे वकिलीसोबत महानुभाव वाङ्मयाचे संशोधन करत होते. जिल्ह्याच्या गावात वकील हा एकाच वेळी पुढारी, संपादक आणि अभ्यासक असे. कायदा शिकलेले लोक थोडेच, त्यामुळे प्रत्येकाच्या खांद्यावर चार कामे.

१० जुलै १९३० रोजी अणे स्वतःच आरोपी झाले. पुसद भागातल्या राखीव जंगलात शिरून त्यांनी गवत कापले, म्हणजे जंगल सत्याग्रह केला, आणि त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. ११ दिवसांनी, २१ जुलैला, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला. त्यांच्यावर दंडविधानाची ११७ आणि ३७९ ही कलमे लागली. दुसरे कलम साध्या चोरीचे. एकूण नऊ महिने सक्तमजुरी झाली आणि ती त्यांनी अकोल्याच्या तुरुंगात भोगली. सत्याग्रही सहसा बचावाचा वकील देत नसत, गुन्हा नाकारतही नसत. त्यामुळे असा खटला झटपट उरके. चार गवताच्या पेंढ्यांसाठी शिक्षा झालेले अणे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि स्वतंत्र भारतात बिहारचे राज्यपाल झाले.

तालुक्याला वकील मिळू लागले ते पुढच्या पिढीत. गहुलीचे वसंतराव नाईक १९४० मध्ये एलएल.बी. झाले, अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली शिकले आणि मग पुसदला वकिली करू लागले. बंजारा तांड्यातल्या माणसाला आपली भाषा समजणारा वकील पुसदमध्येच भेटणे ही तोवर न घडलेली गोष्ट होती. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री राहिलेल्या नाईकांच्या या पहिल्या वर्षांबद्दल मात्र फार कमी लिहिले गेले आहे.

भाषेचा प्रश्न इथे जुनाच. कोलाम, गोंड, पारधी, बंजारा आरोपी पोटतिडकीने बोलतो ते एका भाषेत, रोजनाम्यात उतरते ते दुसऱ्या, आणि वरच्या न्यायालयात निकाल लिहिला जातो इंग्रजीत. साक्ष आरोपीला समजेल अशा भाषेत सांगण्याचे कलम प्रक्रियेच्या कायद्यात होते, पण दुभाष्या बहुधा गावातलाच कोणी. राज्य सरकारने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, त्यातून मराठी जाणणाऱ्याची सोय झाली. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्याचा प्रश्न तिथेही सुटला नाही.

१ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मोठा फेर केला. मुंबई राज्यात न्यायदान आणि महसूल यांची फारकत १९५१ च्या कायद्याने झाली होती, पण विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. आता सर्वत्र न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या कक्षेत आले आणि पोलिसांच्या वतीने पोलीसच खटला चालवण्याच्या पद्धतीला कायद्याने आळा घातला. सत्र खटल्यात जमीनदारांसारख्या ‘जाणत्या’ लोकांना असेसर म्हणून बसवण्याची प्रथा त्याआधीच, १९५५ च्या दुरुस्तीने, बंद झाली होती. पुसद, दारव्हा, पांढरकवड्यासारख्या गावी अतिरिक्त सत्र न्यायालये आल्यावर साक्षीदाराचा यवतमाळचा फेरा वाचला. यवतमाळात अमोलकचंद विधी महाविद्यालयामुळे वकीलही स्थानिकच घडू लागले.

आरोपीला वकील मिळण्याचा हक्क आणि प्रत्यक्ष वकील मिळणे यांत बरेच अंतर होते. सर्वोच्च न्यायालयाचा १९७९ चा हुसैनारा खातून खटल्यातला निकाल, मग १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, यांनी ते कमी केले. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्ह्यात प्राधिकरण आणि तालुक्यात समिती, अशी त्याची रचना आहे. २०२२ पासून राबवल्या जाणाऱ्या योजनेत फक्त बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमले जाऊ लागले आहेत. १५१०० हा मदत क्रमांक त्याच यंत्रणेचा.

खासगी वकील शोधायचा तर आजही कानोकानी चौकशीच होते. त्याला कायद्याचेही कारण आहे: बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. दारावरच्या पाटीवर आपण अमुक प्रकारचे खटले चालवतो, असेही त्याला लिहिता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशी ठरावीक माहिती देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे ‘जामिनाला कोण चांगला’ हे विचारायचे ते स्टॅम्प व्हेंडरला, मुन्शीला किंवा पूर्वी कधी जामीनदार उभा राहिलेल्या नातेवाइकाला. पहिल्या भेटीत वकीलपत्रावर सही, त्यावर कोर्ट फीचे तिकीट, आणि जामीनदाराचा सातबारा आणायचा निरोप, हे सगळे एका बैठकीत उरकते.

खटला पुढे कुठे पोचला, हे कळण्याचा एकच मार्ग पूर्वी होता: तारखेला जाऊन दाराशी थांबायचे आणि शिपायाचा पुकारा ऐकायचा. वकिलाच्या डायरीत पुढची तारीख टिपलेली असे, पण डायरी मुन्शीच्या बगलेत. आता ई-कोर्ट प्रकल्पात प्रत्येक खटल्याला १६ अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. तो टाकला की पुढची तारीख, आधीच्या तारखांचा तपशील आणि आदेश मोबाइलवर दिसतात. नोंद भरायला उशीर झाला तर पक्षकाराला तारीख पुन्हा मुन्शीलाच विचारावी लागते. फिर्यादीसाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आणखी एक तरतूद आहे: तपास कुठवर आला, हे पोलिसांनी त्याला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवायचे.