रोधाच्या जागी प्रवाह

लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गिरगावकरांना रेडिओच्या सुट्या भागांची पेठ म्हणून ठाऊक आहे. अशाच भागांच्या इतिहासातील एक प्रकरण आम्ही येथे सांगणार आहो. १९८२ साली मुंबईत झालेल्या एका ध्वनिमुद्रणाशी त्याचा संबंध पोहोचतो.

‘ऑपरेशनल अँप्लिफायर’ हे नाव रागाझ्झिनी प्रभृतींच्या १९४७ च्या निबंधातून रूढ झाले. रोधातून येणारा प्रवाह कंडेन्सरमध्ये साठवला की या अँप्लिफायरचा संकलक होतो. असे दोन संकलक जोडून कर्विन, ह्यूल्समन व न्यूकोम यांनी १९६७ साली स्वर गाळणारे एक नामी मंडल रचले. अडचण एवढीच, की गाळणीची सीमा सरकवायची तर दोन्ही रोध एकदम बदलावे लागतात. दोन रोध एका दांड्यावर बसवता येतील; पण १९८१ च्या ‘ज्युपिटर-८’ वाद्यात एकाच वेळी आठ स्वर, आणि प्रत्येकाच्या गाळणीचे चार टप्पे! बत्तीस रोध फिरवणारा हात कोठून आणावा?

उत्तर आर.सी.ए.च्या १९६९ च्या ‘सीए ३०८०’ मध्ये होते. हा ट्रान्सकंडक्टन्स अँप्लिफायर. याला दाब द्यावा, हा प्रवाह देतो. किती द्यायचा ते दुसरा एक लहानसा नियंत्रक प्रवाह ठरवतो. म्हणजे रोध काढून तेथे हा बसवला की झाले. १० किलोओहम रोध आणि ०.०१ मायक्रोफॅरड कंडेन्सर असता सीमा सुमारे १५९० हर्ट्झ येते. त्याच कंडेन्सरवर तीच सीमा सुमारे ५.२ मायक्रोअँपिअर नियंत्रक प्रवाहाने मिळते. प्रवाह दुप्पट केला की सीमाही दुप्पट.

किंमत मात्र मोजावी लागते. काही मिलिव्होल्टांपलीकडे हा अँप्लिफायर सरळ चालत नाही, म्हणून येणारा स्वर आधी शंभरपट क्षीण करावा. मग नियंत्रक प्रवाह शंभरपट, म्हणजे ०.५२ मिलिअँपिअर लागतो. स्वर दबला की खरखर वर येते. शिवाय उष्णतामानाने सीमा ढळते ती वेगळीच.

चित्रपटसंगीतातील वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ साली मुंबईत डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग मुद्रित केले. सोबत होती ‘ज्युपिटर-८’ आणि ‘टीबी-३०३’ ही वाद्ये. त्या तबकडीची कीर्ती पुढे, २०१० च्या पुनर्मुद्रणानंतर, ‘टीबी-३०३’च्याच नावे झाली. तिची गाळणी डायोडांची आहे. आम्ही सांगितली ती जातकुळी ‘ज्युपिटर’मधली.