पणजोबांच्या पलीकडे

पितृपंधरवडा सरून महिना झाला. बाप, आजा आणि पणजा अशी तीन नावे श्राद्धात उच्चारून आपण मोकळे झालो. त्यापलीकडे कोण होते असे विचारले, की वडीलधारी माणसेही माळ्यावरच्या पेटीकडे बोट दाखवितात. आमच्या करवीर प्रांतात या प्रश्नाचे उत्तर तीन जागी मिळू शकते: हेळव्याची वही, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांचे बाड आणि सरकारी दप्तरातला रुमाल.

हेळवी सुगी झाली की येतो. वही उघडून मूळ पुरुषापासून पिढ्या वाचतो, मूळ गाव सांगतो, नवी नावे लिहून घेतो आणि पदरात पडेल ते धान्य घेऊन पुढच्या दाराशी जातो. नाशिकला गाव व आडनाव सांगितले, की उपाध्ये आपल्या घराण्याचे पान काढून देतात. तेथे यात्रेला आलेल्या पूर्वजाचे नाव सापडते. कधी त्याचे स्वतःचे अक्षरही.

रुमालाचे काम मात्र कष्टाचे. मोडीत आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवीत जायची. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वर्षही अरबी शब्दांत. ‘इहिदे तिसैन मया व अलफ’ म्हणजे एक, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण ११९१. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून त्यात ऋतू पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन १७९०-९१ हाती येते.

एवढे करून भेटतो कोण? शहाण्यासारखा वागून शेतसारा भरणारा आजा फार तर आकड्यांच्या रांगेत दिसतो. त्याचा बोलका कागद होतो तो भांडल्यावर. वतनाचा तंटा लागला, की गोतसभा बसे, महजर होई. त्याखाली निरक्षर साक्षीदार आपापल्या धंद्याची निशाणी करीत: कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. पाटलाच्या भांडणामुळे न्हाव्याचा पूर्वज अमर झाला!

गावचे कागद पिढ्यान्‌पिढ्या कुळकर्ण्याच्या घरी असत. १९१८ साली शाहू महाराजांनी कुळकर्णी वतने काढून तलाठी नेमले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आज जुन्या संस्थानी दप्तराचे रुमाल कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. पणजाच्या नावापुढचा एक शब्द नातवाच्या शिक्षणाचा प्रश्न होऊन बसला. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून इतिहास उभा केला, तेव्हा त्यांना कोठला असा भाव!

या साऱ्या शोधात एक उणीव राहतेच. वंशावळीचा वृक्ष बहुधा पुरुषांचाच. नाशिकच्या पानावर यात्रेला आलेल्या सासूसुनांची नावे पुष्कळदा मिळतात. वतनाच्या कागदात मात्र ती ‘अमक्याची बायको’. जिने घर चालविले तिला नाव नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीची तर फांदीच नाही.

म्हणून वाचकहो, येत्या भाऊबीजेला बहीण, आत्या घरी येतील तेव्हा फराळ आटोपल्यावर एक वही काढा. आजीचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव, गाव त्यांच्याकडून विचारून घ्या आणि खाली तारीख घाला. हे दप्तर कोणत्याही सरकारात नाही. त्या दोन-तीन म्हाताऱ्यांच्या आठवणीतच आहे.